घोड्याच्या रक्तातील शत्रू आणि त्याच्या मागावर वेचलेली आयुष्ये

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी सांगली येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या वेळी कोणीतरी वडीलधाऱ्याने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी तो मान आम्हांस दिला, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही पडलो जुने मॅट्रिक, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. परंतु उभा जन्म मुलांसमोर गेल्यामुळे एक सवय जडली आहे. ‘पुढे कोण होणार?’ असे प्रत्येक मुलाला विचारावयाचे आणि उत्तर ऐकावयाचे. पूर्वी या प्रश्नाला नाना तऱ्हांची उत्तरे येत. आता दोनच येतात, डॉक्टर नाही तर इंजिनिअर. मुले हे उत्तर देतात तेव्हा बोलत असतात ती त्यांच्या घरची मंडळी, हे न ओळखण्याइतके आम्ही भोळे नाही.

या दोन उत्तरांपलीकडेही विद्येची मोठमोठी दालने आहेत. त्यांपैकी अगदी अडगळीत पडलेले एक दालन आज आपणांपुढे उघडावे, असा आमचा मानस आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. घोड्यांना रोग जडविणारे परोपजीवी जंतू, आणि त्यांच्या अभ्यासात आपली हयात घालविणारी माणसे, हा तो विषय होय. वरातीखेरीज घोडा दृष्टीस पडत नाही अशा या दिवसांत घोड्याच्या पोटातील जंतांची चिंता कोणी कशाला वाहावी, असे आपण म्हणाल. त्या आक्षेपाचे उत्तर आम्ही यथावकाश देऊ. तूर्त एवढीच विनंती, की थोडा वेळ आमच्याबरोबर चालावे.

ज्या मुलखात आपण राहतो त्याचा इतिहास घोड्याच्या पाठीवरून घडला. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू दिसायला लहानसे. पण काटक, थोड्या चाऱ्यावर भागविणारे आणि डोंगरवाटा तुडविणारे. त्याच्या बळावर मराठी फौजांनी दूरदूरचे प्रदेश पालथे घातले. आपली सांगली आणि शेजारची मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, आणि पटवर्धनांचा लौकिक पेशवाईत उदयास आला तो घोडदळाचे सरदार म्हणूनच. अशा मुलखात घोड्याची निगा ही एक विद्याच होती. दाणावैरण मोतद्दार पाही, आणि दुखणे-बाणे सालोत्री पाही. सालोत्री हा शब्द प्राचीन काळी अश्ववैद्यक सांगणाऱ्या शालिहोत्राच्या नावावरून आला. म्हणजे घोड्याच्या वैद्याला आपल्या पूर्वजांनी ऋषीचे नाव दिले होते. आज त्याच वैद्याला आपण ‘ढोराचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडतो.

राजांची घोडदळे गेली, तरी घोडा आपल्या गावातून गेला नव्हता. आमच्या लहानपणी, १९६० नंतरच्या दशकात, मिरज स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागलेली असे. आमच्या गल्लीतील एका टांगेवाल्याचा घोडा एका पावसाळ्यात खंगू लागला. आश्चर्य असे, की तो खात होता. खाई भरपूर, पण अंगी लागत नसे. दोन-तीन दिवस ताप येई, उतरे, पुन्हा येई. पुढे पाय सुजले, पोटाखाली सूज उतरली आणि मागचे पाय तो ओढून टाकू लागला. कोणी नजर लागली म्हणाले, कोणी काळा दोरा बांधला, कोणी डागण्या द्यावयास सांगितले. रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन पाहावा, असे मात्र कोणास सुचले नाही. दसऱ्याच्या सुमारास घोडा गेला. टांगेवाल्याचा मुलगा आमच्याच बाकावर बसत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. घरातील कमावते जनावर गेले म्हणजे त्याची किंमत कोण चुकविते, हे आम्ही त्या रिकाम्या जागेवरून शिकलो.

खाऊनपिऊन खंगत जाणारा, चढउताराच्या तापाचा आणि मागच्या पायांतील शक्ती हरण करणारा घोड्याचा एक जुना रोग आहे. त्यास ‘सर्रा’ म्हणतात. सडणे या अर्थाच्या देशी शब्दापासून हे नाव निघाले, असे ग्रंथकार सांगतात. या रोगाचे कारण प्रथम सापडले ते याच देशात, आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे.

सन १८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे, जे आज पाकिस्तानात आहे, सरकारी घोडे आणि उंट सर्र्याने मरत होते. तपासासाठी ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्यास तिकडे धाडण्यात आले. हा वेल्सचा राहणारा. सूक्ष्मदर्शकाचा त्यास नाद होता. आजारी घोड्याच्या ताज्या रक्ताचा थेंब त्याने भिंगाखाली धरला, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळताना त्यास दिसले. निमुळत्या अंगाचा, कडेने झालर असलेला, पुढे चाबकासारखा तंतू असलेला तो एकपेशीय जीव होता. त्याची लांबी सुमारे एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी. इव्हान्सने आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरास टोचले. त्यासही रोग झाला आणि त्याच्याही रक्तात तोच जीव आढळला. यावरून हाच जीव रोगाचे मूळ होय, असे त्याने आपल्या अहवालात निक्षून लिहिले.

परंतु वरिष्ठांनी ते मानले नाही. कलकत्त्याच्या टिमथी लुईस या नामांकित शास्त्रज्ञाने तशाच रूपाचे जीव उंदरांच्या रक्तात पाहिले होते, आणि ते उंदीर तर खुशाल बागडत होते. तेव्हा असे जीव रक्तात सापडले तरी त्यांनी रोग होतो असे कशावरून, असा आक्षेप निघाला. आक्षेप सर्वस्वी अडाणीपणाचा नव्हता. उंदरातील जीव खरोखरच उंदरास फारसा त्रास देत नाही. परंतु शेजारच्या घरचा कुत्रा चावत नाही म्हणून कोणताच कुत्रा चावत नाही, असे म्हणण्यासारखेच ते होते. पुढे १८९५ च्या सुमारास आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यास तेथील गुरांच्या रोगात याच कुळीचा जीव सापडला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी माणसांच्या निद्रारोगाचे कारणही याच कुळीतले ठरले. तेव्हा कोठे इव्हान्सचे म्हणणे सर्वमान्य झाले. सुदैवाने तो दीर्घायुषी होता. १८३५ मध्ये जन्मून १९३५ मध्ये, पूर्ण शंभर वर्षे जगून तो गेला. खऱ्या गोष्टीला मान्यता मिळण्यास कधी कधी माणसाचे सारे आयुष्य पुरत नाही, त्यास पुरले.

आता ही कथा आपल्या मुलखात येते. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात सरकारी खेचरे अशाच रोगाने मरू लागली. त्या तपासावर जॉन हेन्री स्टील नावाचा तरुण पशुवैद्य होता. त्यासही रक्तात तोच जीव दिसला. तो कोणत्या वर्गातला हे ठरविताना स्टील चुकला. पण त्यास नाव देताना त्याने आधीच्या शोधकाचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आणि इव्हान्सचेच नाव दिले. पुढे वर्ग सुधारला गेला, पण नाव टिकले. म्हणूनच आज साऱ्या जगात हा जीव ‘ट्रिपनोसोमा इव्हान्साय’ म्हणून ओळखला जातो. हाच स्टील १८८६ मध्ये मुंबईस परळ येथे निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य होय. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून तेथे आधी जनावरांचे रुग्णालय उभे राहिले होते, आणि त्याच्याच आश्रयाने ही पाठशाळा वाढली. १८९१ मध्ये ऐन उमेदीत स्टील मरण पावला. परंतु त्याने लावलेले रोप जगले, आणि मराठी मुलांच्या अनेक पिढ्या त्या परळच्या महाविद्यालयातून पशुवैद्य होऊन बाहेर पडल्या.

दुसरी घटना पुण्याची. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी या देशातील मध्यवर्ती प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात, तेथील सायन्स कॉलेजच्या आश्रयाने सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांनी जे रोग हाती घेतले त्यांत घोड्यांचा सर्रा हा अग्रभागी होता. त्यांचा सर्र्यावरील मोठा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. सोमलाचे औषध मोजून-मापून देऊन सर्र्याचा घोडा वाचविता येतो काय, याचे प्रयोगही त्यांनी केले. त्याच वर्षी, घातक जंतू लोकवस्तीपासून दूर आणि थंड हवेत असावेत म्हणून, ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचा पाळणा असा पुण्यात हलला, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आम्हांस कोठे आढळली नाही.

हा जीव एका घोड्यातून दुसऱ्या घोड्यात जातो कसा, हे कोडे त्यानंतर उलगडले. मोठ्या चावऱ्या माश्यांवर लोकांचा संशय पूर्वीपासून होताच. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वर येथील प्रयोगांवरून तो खरा असल्याचे दाखविले. आपण जिला गोमाशी म्हणतो ती आजारी जनावराचे रक्त पिता पिता हुसकली गेली आणि रक्ताने माखलेल्या सोंडेनिशी लागलीच दुसऱ्या जनावरास चावली, तर रोग त्या सोंडेवरून जातो. मध्ये दिवस लोटला तर जात नाही. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या जीवास एका विशिष्ट माशीच्या पोटात वाढावे लागते, त्यामुळे ती माशी नाही तेथे तो रोग नाही. सर्र्याच्या जीवाने ही अट टाकून दिली आहे. त्यास कोणतीही चावरी माशी केवळ वाहन म्हणून पुरते. म्हणूनच तो आफ्रिकेबाहेर पडून आशियाभर आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला, आणि म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात व त्यानंतर, माश्या माजतात तेव्हा, तो डोके वर काढतो.

ताप चढतो-उतरतो, याचेही कारण पुढील संशोधकांनी शोधले. घोड्याचे रक्त त्या जीवाला ओळखून त्याचा संहार करू लागले, की त्यांतील थोडे जीव आपल्या अंगावरील आवरण बदलतात. बहुरूप्याने वेष पालटावा तसे हे आहे. रक्त त्या नव्या वेषाची ओळख करून घेईपर्यंत त्यांची संख्या पुन्हा वाढते आणि ताप पुन्हा चढतो. या लपंडावात घोडा दमतो, शत्रू दमत नाही. याच कारणामुळे सर्र्यावर आजतागायत लस निघू शकलेली नाही. औषधे मात्र आहेत, आणि रोग वेळीच ओळखला तर घोडा वाचतो.

घोड्याचा शत्रू केवळ रक्तातील नव्हे. त्याच्या आतड्यात राहणारा ‘स्ट्राँगिलस’ नावाचा एक जंत आहे. त्याची पिल्ले गवताबरोबर पोटात जातात आणि आतड्यास रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमनीत जाऊन ठाण मांडतात. धमनीची भिंत सुजते, रक्ताच्या गाठी धरतात, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि धडधाकट घोडा पोटशुळाने जमिनीवर लोळून प्राण सोडतो. दुसरा जंत मूळचा गाईबैलांच्या पोटातला. डासामार्फत त्याची पिल्ले चुकून घोड्यात शिरली, की अनोळखी घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी भटकत भटकत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जातात आणि घोड्याची कंबर लुळी पडते. यास ‘कुमरी’ म्हणतात. गोचिडांमुळे तांबड्या पेशींत शिरणारे जीव तर निराळेच.

या साऱ्या जंतांची शिस्तवार नोंद आपल्या देशात कोणी केली? येथे एक मराठी नाव आदराने घेतले पाहिजे. मुक्तेश्वरच्या संस्थेत काम करणारे डॉ. जी. डी. भालेराव यांनी हिंदुस्थानातील पाळीव जनावरांच्या जंतांवरील आपला ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. घोडा, गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शरीरात कोणकोणते जंत राहतात, ते कसे ओळखावे, हे त्यांनी एकत्र मांडले. असा ग्रंथ म्हणजे कादंबरी नव्हे. तो कोणी उशाशी घेऊन झोपत नाही. परंतु पुढे येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास पहिली पायरी तीच लागते. तसेच दुसरे नाव मुंबईचे एम. बी. सोपारकर यांचे. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका चपट्या कृमीची बाल्यावस्था पाण्यातील गोगलगायीत आढळते, हे त्यांनी १९२१ मध्ये सविस्तर लिहिले. त्याच जातीचा एक कृमी घोड्यातही राहतो, आणि त्याचे वर्णन १९०६ मध्ये मुक्तेश्वरच्या माँटगोमेरी यांनी केले होते. एकाने घर दाखवावे, दुसऱ्याने वाट दाखवावी, अशी ही विद्या पुढे सरकते.

अशा अभ्यासकाचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. पशुवैद्यकाची पदवी, नंतर परोपजीवीशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, नंतर पीएच.डी., असा दहा-अकरा वर्षांचा मार्ग आहे. त्यानंतर अध्यापन आणि संशोधन हातात हात घालून चालतात. सकाळी तबेल्यात जाऊन ताजी लीद डबीत घ्यावयाची, ती मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळावयाची, आणि वर तरंगणारी जंतांची अंडी रेघांच्या काचेवर एक-एक मोजावयाची. दुपारी वर्गावर शिकवावयाचे. सायंकाळी रक्ताच्या काचा पाहावयाच्या. सर्र्याचा जीव जुन्या रोगात शेकडो वेळा पाहूनही दिसत नाही. आणि ‘दिसला नाही’ ही नोंदही ‘दिसला’ या नोंदीइतक्याच प्रामाणिकपणे वहीत लिहावी लागते. या कामात टाळ्या नाहीत. वर्तमानपत्रात फोटो नाही. पैसाही बेताचा. परंतु एका घोड्याच्या विष्ठेत किती अंडी आहेत हे मोजल्यावाचून सरसकट औषध पाजले, तर जंत त्या औषधाला सरावतात आणि पुढे औषध चालेनासे होते, हे ज्ञान जगाला दिले ते अशा अंडी मोजणाऱ्या माणसांनीच.

आता आरंभी राखून ठेवलेल्या आक्षेपाकडे वळू. टांगे गेले, घोडदळे गेली. मग या विद्येचा उपयोग काय?

पहिले उत्तर असे, की घोडा पुरता गेलेला नाही. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथे कित्येक कुटुंबांची चूल घोड्यावर पेटते. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गरिबाच्या घरी वीटभट्टीवर राबणारी गाढवे आणि खेचरे आहेत, त्यांनाही हेच रोग होतात. केवळ अश्ववर्गाच्या अभ्यासासाठी हरियाणात हिसार येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, ते उगाच नव्हे.

दुसरे उत्तर आपल्या जिल्ह्यास फार जवळचे आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची कीर्ती आपण सारे जाणतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या शेतकऱ्याच्या पायाखाली नित्य असतात. साप चावलेल्या माणसास जी लस टोचतात ती कशी होते? निरोगी घोड्यास विषाची अल्प मात्रा हळूहळू वाढवीत देतात. त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो, आणि त्या रक्तातून ते औषध काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक वर्षे केले. म्हणजे आपल्या बांधावर साप चावलेल्या माणसाचा प्राण कोणा एका घोड्याच्या शुद्ध रक्तावर अवलंबून असतो. ते रक्त निर्मळ आहे की नाही, हे पाहणारी नजर कोणाची? त्याच परोपजीवी अभ्यासणाऱ्याची.

तिसरे उत्तर याहूनही विलक्षण आहे. २००४ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास चढउताराचा ताप येऊ लागला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी त्याचे रक्त पाहिले, तो त्यात वळवळणारा जीव दिसला. तपासाअंती तो दुसरा-तिसरा कोणी नसून घोड्याचा सर्रा, इव्हान्सने १८८० मध्ये पाहिलेलाच जीव निघाला. माणसाच्या रक्तात या जीवास मारणारे एक द्रव्य निसर्गतःच असते, म्हणून सर्रा माणसास होत नाही असे समजले जाई. या रुग्णाच्या रक्तात, जन्मजात दोषामुळे, नेमके तेच द्रव्य नव्हते, असे पुढील संशोधनात आढळले. सुरामिन नावाचे जुने औषध देऊन तो बरा करण्यात आला, आणि २००५ मध्ये ही हकिकत जगापुढे मांडली गेली. विचार करा, सव्वाशे वर्षे घोड्याच्या या रोगाचा अभ्यास कोणी केलाच नसता, तर त्या जीवाचे नाव काय, तो कसा ओळखावा, त्यावर औषध कोणते, हे नागपूरच्या डॉक्टरांनी कोणत्या ग्रंथात पाहिले असते? घोड्यासाठी साठविलेले ज्ञान एका मराठी शेतकऱ्याच्या प्राणाशी येऊन ठेपले.

आणखी एकच दाखला देऊन हा भाग संपवितो. विल्यम कॅम्पबेल हे आयर्लंडचे मूळ रहिवासी, जनावरांच्या जंतांचा अभ्यास करणारे. जपानचे सातोशी ओमुरा यांनी तेथील मातीतून मिळविलेल्या एका सूक्ष्म जीवापासून अमेरिकेत कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक सिद्ध केले. ते १९८१ पासून जनावरांसाठी विक्रीस आले. ते घोड्यास दिले असता घोड्याच्या कातडीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंताची पिल्ले नाहीशी होतात, असे दिसून आले होते. त्याच कुळीचा जंत आफ्रिकेत लक्षावधी माणसांना आंधळे करीत होता. घोड्यात जे घडले ते माणसात का घडू नये, असा विचार कॅम्पबेल यांनी मांडला आणि तो खरा ठरला. १९८७ पासून हे औषध त्या गरीब लोकांना विनामूल्य देण्यात येऊ लागले. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठीही त्याचा उपयोग होतो. २०१५ मध्ये कॅम्पबेल व ओमुरा यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जनावरांच्या जंतांवर आयुष्य घालविणारा मनुष्य थोर मानला जाऊ शकतो, याविषयी आता कोणी शंका घेऊ नये.

मंडळी, हे सारे सांगण्यास एक निमित्त आहे. आमच्या हाताखाली शिकलेली, आपल्याच समाजातील एक मुलगी शिरवळच्या महाविद्यालयातून पशुवैद्यक झाली. सातारा जिल्ह्यातील हे महाविद्यालय १९८८ मध्ये निघाले, आणि त्यास आपल्या जिल्ह्यातील येडे मच्छिंद्रचे सुपुत्र क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिलेले आहे. म्हणजे पूर्वी जे शिकावयास परळला जावे लागे, ते आता आपल्या उंबरठ्याशी आले आहे. या मुलीस पुढे परोपजीवींचेच संशोधन करावयाचे आहे. तिच्या वडिलांची तक्रार दोन प्रकारची. ‘गुरुजी, मुलीच्या जातीने लिदीच्या डब्या घेऊन हिंडावे, हे पाहुण्यारावळ्यांना काय सांगू?’ ही पहिली. आणि दुसरी, ‘आता पैसा पुरत नाही.’

पहिल्या तक्रारीचे उत्तर आम्ही त्यांना दिलेच. ‘अहो, तुमच्या घरात गाईचे शेण तिच्या आईने आणि आजीने जन्मभर काढले, तेव्हा पाहुण्यांना काही वाटले नाही. तेच काम पोर विद्येच्या उजेडात करू म्हणते, तर लाज कसली?’ ते हसले. पटले की नाही, ते त्यांनाच ठाऊक. परंतु दुसऱ्या तक्रारीचे उत्तर एकट्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात नाही. ते आपणां सर्वांजवळ आहे.

आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीची नियमावली आम्ही मुद्दाम काढून वाचली. तीत मदत मिळण्यास पात्र म्हणून ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी’ असे शब्द आहेत. ज्या पिढीने ती लिहिली तिने आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे लिहिली. त्या थोर मंडळींनी पै-पैसा जमवून हा निधी उभा केला, म्हणून आपण आज येथे बसलो आहोत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु नियम हा अंगरख्यासारखा असतो. मूल वाढले की शिवण उसवून सैल करावी लागते. आमची नम्र सूचना अशी, की येत्या सर्वसाधारण सभेत त्या कलमात ‘पशुवैद्यकीय व मूलभूत शास्त्रे, पदव्युत्तर संशोधनासह’ एवढे शब्द वाढवावेत. पीएच.डी.चा विद्यार्थी तिशीकडे झुकतो, म्हणून वयाची अटही सैल करावी. निधीत वाढ व्हावी यासाठी आमचा अल्पसा वाटा आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे जमा करीत आहोत.

काही सभासद खाजगीत म्हणतात, की या मुलांवर केलेला खर्च समाजाकडे परत येत नाही. या खर्चाचा हिशेब व्याजबट्ट्याच्या वहीत मांडता येत नाही, हे खरे. इव्हान्सच्या १८८० च्या अहवालाचे व्याज २००४ मध्ये चंद्रपूरच्या शेतकऱ्यास मिळाले. ते मिळेल हे इव्हान्सला ठाऊक नव्हते, आणि त्या शेतकऱ्याला इव्हान्स ठाऊक नव्हता. आंबा लावणारा आजोबा फळ खाण्यास असतोच असे नाही. म्हणून कोणी आंबा लावावयाचे थांबत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आज तुमचा सत्कार झाला तो गुणांचा. गुण ही चांगली गोष्ट आहे. परंतु आपण जे पाहिले ते खरे पाहिले काय, पुन्हा पाहावे काय, आणि दिसले तेवढेच सांगावे काय, एवढी चाड ज्यास आहे तो कोणत्याही विद्येत उतरला तरी चालेल. मग तो माणसाचे हृदय तपासो, पूल बांधो, की घोड्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन रात्र जागवो. आणि पालकांनो, तुमच्या मुलाने किंवा मुलीने असे काही वेगळे करावयाचे म्हटले, तर नाही म्हणण्यापूर्वी एकदा त्याला किंवा तिला नीट विचारा. मुले आपण समजतो त्याहून जास्त विचार करीत असतात, असा आमचा अनुभव आहे.